थारचे वाळवंट: पाऊस, वाळू आणि वाळूखालचा थर

प्रश्न दोन आहेत. पश्चिम राजस्थानात वर्षाकाठी जेमतेम १५० ते ३५० मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळ्यात पारा ४८ अंशांच्या पुढे जातो, तरीही थार हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत मोडते, ते कसे? आणि सतलज-बियासचे पाणी कालव्याने तिथे पोचल्यावर काही गावांची जमीन पिकायच्या ऐवजी नापीक का झाली?

दोन्हींचे उत्तर एकाच जागी सापडते. वाळूखाली पहिल्या दहा-पंधरा मीटरांत काय आहे, ते आधी पाहावे लागते. जिप्सम आहे, चुनकंकर (चुन्याच्या खड्यांचा थर) आहे, चिकणमाती आहे, सलग कातळ आहे, की खोलवर नुसती वाळूच? शेजारशेजारच्या दोन गावांत पाऊस साधारण सारखाच पडतो. पण एका गावात विहीर गोडी लागते, दुसऱ्यात खारी. एकीकडे टांका (पावसाचे पाणी साठवायचा जमिनीतला झाकलेला हौद) बांधण्यात अर्थ असतो, दुसरीकडे खडीन (उतारावरून येणारे पाणी बांधाने अडवून भिजवलेले शेत). हा फरक जमिनीखालचा आहे.

आधी हवामान. अरवलीच्या रांगा नैर्ऋत्य-ईशान्य पसरल्या आहेत, मोसमी वाऱ्यांना समांतर आहेत, म्हणून पाऊस अडत नाही, असे शाळेत शिकवतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जुलैमध्ये जैसलमेरच्या हवेत बाष्प चांगले असते. घाम वाळत नाही इतके असते. अडचण वरच्या हवेची आहे. बाष्पाचा थर जमिनीलगत एक-दीड किलोमीटर जाडीचा असतो आणि त्याच्यावर पश्चिमेकडून आलेली कोरडी, उष्ण, खाली बसणारी हवा असते. ढग वर चढू पाहतो आणि त्या कोरड्या हवेत विरून जातो. हे झाकण फोडायला बाहेरून जोर लागतो: बंगालच्या उपसागरातला एखादा कमी दाबाचा पट्टा मध्य भारत ओलांडून एवढ्या पश्चिमेला आला तर, किंवा अरबी समुद्रातले वादळ कच्छकडून वर सरकले तर. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाने बाडमेर, जालोर, पाली भागांत जो पाऊस दिला तो असाच.

म्हणून इथला पाऊस रोज थोडा असा पडत नाही. वर्षाचा ८५ ते ९० टक्के पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये आणि तोही मोजक्या सरींत येतो. सरासरीवर हिशेब करणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. सरासरी २०० मिलिमीटर म्हणजे एका वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी १५०, तिसऱ्या वर्षी ४०० असे काहीही असू शकते. टाकी, बांध, पीक यांपैकी कशाचीही आखणी करताना दहापैकी किमान सात वर्षे पडेल एवढाच पाऊस धरावा. तो सरासरीच्या साधारण ५५ ते ६० टक्के भरतो. दुसरीकडे बाष्पीभवनाची ताकद वर्षाला १,६०० ते २,००० मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या आठ-दहा पट. उघड्यावर साठवलेले पाणी टिकत नाही, ते त्यामुळे.

तापमानाचे आकडे लोकांना ठाऊक असतात. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. चुरू उन्हाळ्यात ५० च्या वर आणि जानेवारीत शून्याखाली जाते. कोरडी हवा आणि कोरडी वाळू उष्णता धरून ठेवत नाहीत, सूर्य मावळला की दोन्ही झपाट्याने थंड होतात. शेतकऱ्याला मात्र ५१ अंशांपेक्षा जानेवारीतले दव गोठणे जास्त महाग पडते, कारण तेव्हा मोहरी फुलोऱ्यात आणि जिरे कोवळे असते.

आता जमीन. अरवलीच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंची आहे, सिंधच्या सीमेकडे ती शंभर-दीडशे मीटरवर येते. थार म्हटले की सगळीकडे टेकड्याच टेकड्या डोळ्यांपुढे येतात, पण पश्चिम राजस्थानचा सुमारे ६० टक्के भागच धोऱ्यांखाली, म्हणजे वाळूच्या टेकड्यांखाली आहे. बाकी भागात उघडा कातळ आणि गोटे (याला तिथे मगरा म्हणतात), लूणी नदीचा गाळ, आणि पाणी साचून आटल्याने झालेले खारे सपाट तळ, म्हणजे रण, असे मिश्रण आहे. लूणी अजमेरजवळ उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत बऱ्यापैकी गोडी असते, पुढे खारी होत कच्छच्या रणात जिरते. घग्गर नदीचा कोरडा पट्टा उत्तरेकडे हनुमानगड-सुरतगडातून जातो. त्याच्या काठी कालीबंगा हे सिंधू संस्कृतीचे स्थळ आहे.

बहुतेक धोरे आज धावत नाहीत. ते दहा-चौदा हजार वर्षांपूर्वीच्या अधिक कोरड्या, अधिक वाऱ्याच्या काळात साचले, आणि नंतरच्या पावसाळी काळात गवताने बांधले गेले. इथे घोड्याच्या नालेच्या आकाराचे, वाऱ्याकडे तोंड उघडे असलेले धोरे सर्वाधिक दिसतात. हा आकार झाडोरा असल्याचे लक्षण आहे: दोन्ही टोके गवताने धरून ठेवली आणि मधला भाग पुढे गेला की नाल तयार होते. चंद्रकोरीचे, टोके वाऱ्याच्या दिशेने पुढे गेलेले धोरे म्हणजे बरखान. ते उघड्या वाळूत होतात आणि खरे धावणारे तेच. जैसलमेरच्या पश्चिमेला त्यांना धरियन म्हणतात. गावाजवळ पूर्वी नसलेले बरखान दिसू लागले तर समजावे की तिथला झाडोरा गेला.

वाळू पाणी धरत नाही, हा समज कोरड्या प्रदेशात उलटा पडतो. बारीक वाळू दर शंभर मिलिमीटर खोलीत साधारण सात मिलिमीटर पाणी धरते, चिकणमाती पंचवीस. समजा २० मिलिमीटरची सर आली. वाळूत ते पाणी २८ सेंटिमीटर खोल उतरते, चिकणमातीत फक्त आठ. वरचे दहा सेंटिमीटर ऊन दोन-तीन दिवसांत वाळवते. म्हणजे चिकणमातीतले सगळे पाणी गेले, वाळूतले दोनतृतीयांश खाली सुरक्षित राहिले, आणि वरची कोरडी वाळू त्यावर आच्छादन झाली. मे महिन्यातही धोऱ्यात हातभर उकरले की ओल लागते. बाजरी, मोठ (म्हणजे मटकी) आणि गवार ७० ते ९० दिवसांत, दोन-तीन चांगल्या सरींवर हाती येतात ते याच ओलीवर. त्यामुळे २५० मिलिमीटरच्या खालच्या पावसात धोऱ्याच्या उताराची जमीन ही चिकण सपाटीपेक्षा खात्रीची असते, जर ती चिकण सपाटी बाहेरून पाणी आणून भिजवली जात नसेल तर.

आता मुख्य मुद्दा. बिकानेर, जैसलमेर आणि बाडमेरच्या काही पट्ट्यांत वाळूखाली काही मीटरांपासून वीसेक मीटरांपर्यंत कुठेतरी खडिया लागते. खडिया म्हणजे जिप्समयुक्त, पांढरट, घट्ट थर. त्याच्या खालचे पाणी सहसा खूप खोल आणि खारे. पण वरून वाळूत मुरलेला पाऊस या थरावर अडतो आणि वाळूच्या कणांभोवती ओल म्हणून राहतो. मोकळा साठा होत नाही. तिथल्या लोकांनी पाण्याचे तीन प्रकार केले आहेत: पावसाचे ते पालर, खोल भूजल ते पाताळ, आणि या दोहोंमधली थरावर अडलेली ओल ते रेजाणी. रेजाणी पाणी काढायला जी विहीर खोदतात ती बेरी किंवा कुई. तिचा व्यास मुद्दाम जेमतेम एका माणसाला बसून खोदता येईल एवढाच ठेवतात. कारणे तीन. पाणी झिरपून येते ते थोडे, रुंद तळावर ते पसरले तर बादली बुडणार नाही. तोंड लहान म्हणजे वाफ कमी. आणि सैल वाळूची भिंत जितकी अरुंद तितकी कमी ढासळते. तरीही खोदता खोदता भिंत बांधत जावे लागते: दगड, लाकडाचे तुकडे, किंवा खींप या झुडपाच्या जाड दोराची वेटोळी. दिवसाला काही घागरी पाणी मिळते, पण गोडे आणि वर्षानुवर्षे.

बेरीत सर्वांत मोठी चूक म्हणजे पाणी वाढेल या आशेने खडिया फोडणे. थर फुटला की वरची गोडी ओल खाली निघून जाते, खालून खारे पाणी येऊ शकते, आणि शेजारच्या बेऱ्याही मंदावतात, कारण सगळ्यांचा साठा एकच असतो. बेऱ्यांच्या पट्ट्यात बोअर घेताना केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या नळीच्या) बाहेरची पोकळी सिमेंटने भरून थर पुन्हा बंद केला नाही, तर तोच प्रकार हळूहळू घडतो.

हाच थर ऑगस्ट २००६ मध्ये उलटा उठला. बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस काही दिवसांत पडला. कवास हे गाव सखल भागात, खाली जिप्सम. परातीत पाणी साचावे तसे ते साचले आणि जमिनीत मुरायला वाटच नसल्याने कित्येक आठवडे हटले नाही. वाळवंटात पूर आला याचे लोकांना आश्चर्य वाटले. जिप्समच्या खाणी असलेल्या भागात ते वाटायला नको होते. अशा ठिकाणी घराचे जोते किती उंच असावे हे पावसाच्या आकड्यावरून ठरवून चालत नाही. सखल भागाला बाहेर निघायची वाट आहे की नाही आणि खाली काय आहे, यावरून ते ठरवावे लागते.

खालचा थर ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. हाताने फिरवायच्या साडेसात-दहा सेंटिमीटर व्यासाच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) तीन ते सहा मीटरचे भोक घ्यावे, दर ३० सेंटिमीटरला नमुना वेगळा ठेवावा. पांढरट थर लागला की त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावे. जोरात फसफसले तर चुनकंकर. फसफसले नाही आणि खडा नखाने ओरखडला गेला तर जिप्सम. कंकराला फटी असतात, त्यातून पाणी हळूहळू उतरते. जिप्सम किंवा चिकणमाती सलग असेल तर उतरत नाही. एका भोकावर निष्कर्ष काढू नये, उतारावर वर, मध्ये आणि खाली अशी किमान तीन भोके घ्यावीत. पाण्याचा नमुना विद्युतवाहकता मापकाने जागेवरच तपासता येतो: डेसिसिमेन्स प्रति मीटरमधला आकडा गुणिले ६४० म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये, ढोबळमानाने. तीन आले तर सुमारे १,९००, म्हणजे पिण्यासाठी दुसरे पाणीच नसेल तेव्हा चालवून घेण्याच्या २,००० च्या मर्यादेला टेकलेले. फ्लोराइड मात्र या मापकात दिसत नाही. ते वेगळे तपासावेच लागते, आणि पश्चिम राजस्थानातल्या खोल विहिरींत १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेली अनेकदा आढळते.

थर नाही, खाली खोलवर वाळू किंवा खारे पाणी आहे, तर घरासाठी टांका. हा पक्का, झाकलेला, जमिनीतला हौद. भोवती गोळा करण्याची जागा म्हणजे आगोर. सहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर वर्षाला २१,९०० लिटर लागतात. तीन मीटर व्यासाचा आणि तीन मीटर खोल गोल टांका २१,००० लिटर धरतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेची प्रचलित आकारमाने याच हिशेबाची आहेत. आगोरचा हिशेब लोक विसरतात. खात्रीचा पाऊस १२० मिलिमीटर आणि मुरूम चोपून केलेल्या आगोरवरून त्याचा चतुर्थांश वाहतो असे धरले, तर दर चौरस मीटरला ३० लिटर मिळतात, म्हणजे ७३० चौरस मीटर जागा हवी; टाक्याभोवती सुमारे १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ. सिमेंटचे छत असेल तर २३० चौरस मीटर पुरतात. आगोरला तीन-चार टक्के उतार द्यावा. त्याहून जास्त दिला तर माती वाहून येते, कमी दिला तर पाणी मुरते.

टाक्यात बिघाड होतो तो ठरावीक जागी. पाणी आत येण्याच्या तोंडाआधी गाळ बसायला छोटा खड्डा नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत तळ भरतो. जाळी नसेल तर साप-उंदीर आणि शेण आत जाते. पूर्ण कोरडा पडू दिला तर आतल्या गिलाव्याला भेगा जातात, म्हणून तळाशी वीतभर पाणी कायम ठेवावे. भरल्यावर जास्तीचे पाणी जायला वेगळी वाट हवी, नाहीतर ते भिंतीमागची वाळू धुऊन नेते आणि हौद एका बाजूला बसतो. आणि टँकरचे पाणी टाक्यात ओतायची सवय लागली की आगोर झाडायचे कोणी बघत नाही. दोन वर्षांत त्यावर विलायती बाभूळ उगवते आणि टांका नुसती टाकी उरतो.

खडीन हा वेगळा प्रकार आणि माझ्या मते थारमधली सर्वांत हुशार रचना. ती कातळाच्या प्रदेशातच जमते. जैसलमेरच्या चुनखडकाच्या आणि वालुकाश्माच्या उघड्या उतारावरून पाणी धावते, खालच्या दरीत गाळाची सपाटी असते, तिच्या खालच्या टोकाला मातीचा बांध घालतात. पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत पंधराव्या शतकापासून पसरवली. हिशेब असा: एक हेक्टर गाळाच्या जमिनीत सुमारे ६० सेंटिमीटर पाणी उभे राहून मुरले तर हिवाळी पिकाला पुरते, म्हणजे ६,००० घनमीटर. १५० मिलिमीटर पावसातला ३० टक्के वाहिला तर पाणलोटाच्या दर हेक्टरला ४५० घनमीटर मिळतात. म्हणून एका हेक्टर शेताला तेरा-चौदा हेक्टर उतार हवा. जुन्या खडीनांत हे प्रमाण साधारण तेवढेच आढळते.

पाणी ऑक्टोबरपर्यंत उभे राहते, मग उरलेले मोरीतून सोडून ओल्या गाळात गहू किंवा हरभरा पेरतात. पुन्हा पाणी देत नाहीत. उभ्या पाण्याच्या दाबाने क्षार खाली ढकलले जातात आणि बांधाच्या पलीकडे झिरपून निघतात, म्हणून शेकडो वर्षांनंतरही ही शेते खारावलेली नाहीत. बांधापलीकडे विहीर खोदतात ती याच झिरप्यासाठी. बांध फुटतो तो बहुधा सांडव्याजवळ: दगडी सांडवा आणि मातीचा बांध यांच्या सांध्यात पाणी शिरते. त्या सांध्यात चिकणमाती थराथराने ओली करून ठोकावी आणि दगडी भिंत मातीत मीटरभर आत न्यावी. उंदीर-घुशींची बिळे दर उन्हाळ्यात बुजवावी. गाळाने शेताची पातळी दरवर्षी थोडी चढते, त्यामुळे काही वर्षांनी सांडव्याची कडही उचलावी लागते, नाहीतर साठवण कमी होत जाते. वरच्या उतारावर रस्ता, खाण किंवा कुंपण आले आणि पाण्याच्या वाटा तुटल्या, तर खडीन एका वर्षात मरते. बांध शाबूत दिसतो, आत पाणी नसते.

खोल भूजलाची गोष्ट जैसलमेरमध्ये लाठी वालुकाश्माची आहे. ज्युरासिक काळातला हा खडक सच्छिद्र आहे, आणि लाठी-चांदण पट्ट्यात त्यातून गोडे पाणी भरपूर मिळते. पाण्याचे वय सांगणाऱ्या समस्थानिकांच्या तपासणीत यातले बरेच पाणी हजारो वर्षांपूर्वीचे निघाले. आजच्या पावसाने त्याची भर नगण्य. म्हणजे ही खाण आहे, झरा नाही, आणि तिच्यावर भुईमूग पिकवणे हा खाणीतला माल विकण्याचाच प्रकार आहे. २८ डिसेंबर २०२४ रोजी मोहनगड भागात बोअर घेताना पाणी जोराने उसळून वर आले आणि खोदाईचे यंत्र ट्रकसकट खचलेल्या जमिनीत गेले. लुप्त सरस्वती सापडली असे बोलले गेले. भूशास्त्रज्ञांनी दिलेला खुलासा साधा होता: चिकणमातीच्या घट्ट थराखाली दाबात कोंडलेले पाणी होते, थर भेदला आणि ते मोकळे झाले. अशा भागात खोल बोअर घेताना जड चिखलद्राव आणि तोंडावर बंद करायची झडप तयार ठेवणे, हे तेलविहिरीवर जितके आवश्यक तितकेच पाण्याच्या विहिरीवर.

आता कालवा. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यातून निघणारा इंदिरा गांधी कालवा २०४ किलोमीटरचा पोषक कालवा आणि ४४५ किलोमीटरचा मुख्य, असा ६४९ किलोमीटर लांब आहे. ३१ मार्च १९५८ ला काम सुरू झाले, १ जानेवारी १९८७ ला पाणी मोहनगडच्या टोकाला पोचले. त्याने गंगानगर, हनुमानगड, बिकानेरला गहू, कापूस, मोहरी दिली आणि उपसा कालव्यांनी जोधपूरसारख्या शहरांची तहान भागवली. ही कामगिरी मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण पहिल्या टप्प्यातल्या अनेक पट्ट्यांत वाळूखाली जिप्सम आणि चिकणमातीचा कडक थर उथळ होता. वाळूत भरपूर पाणी सोडले, ते खाली गेले, थरावर अडले, आणि पातळी काही पट्ट्यांत वर्षाला जवळपास मीटरभर वर चढू लागली. त्यातच घग्गरचे पुराचे पाणी सुरतगडजवळच्या धोऱ्यांमधल्या सखल भागांत वळवले गेले होते, तेही बाजूला झिरपत राहिले. पाणी जमिनीपासून दीड-दोन मीटरांवर आले की केशाकर्षणाने ते पृष्ठभागाला पोचते, वाफ होते, मीठ मागे राहते. तिथले लोक याला सेम म्हणतात. बडोपळ, रंगमहल भागात शेते दलदल झाली.

मिठाचा हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. कालव्याचे पाणी गोडे. लिटरमागे फक्त २०० मिलिग्रॅम क्षार धरू. हेक्टरी ६,००० घनमीटर पाणी दिले की वर्षाला १,२०० किलो मीठ शेतात येते. खाली निचरा असेल तर ते धुऊन जाते. निचरा नसेल तर साठते, वर जमिनीतले जुने मीठही उचलून आणते. म्हणून इथे सिंचन सुरू करण्याआधी निचरा आखावा लागतो: सुमारे दीड-दोन मीटर खोल छिद्रांचे पाईप, भोवती गाळणी, आणि ते खारे पाणी नेऊन टाकायला जागा. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण वाळवंटात खाऱ्या पाण्याला समुद्रापर्यंत वाट नसते. कालव्याकाठी निलगिरीच्या पट्ट्यांनी पातळी उतरवता येते, पण झाड पाणी पिते, मीठ पीत नाही; ते मुळांशी साचत राहते. तुषार सिंचन आणि कमी पाण्याची पिके हाच स्वस्त उपाय आहे, आणि ज्या शेतात थर तीन मीटरांच्या आत आहे तिथे भाताला अजिबात पाणी देऊ नये.

खनिजांचा नकाशाही याच थरांचा. जिप्सम जामसर आणि नागौर भागात, वरवर खणून निघते. बाडमेर-बिकानेरमध्ये बेंटोनाइट आणि मुलतानी माती. जैसलमेर जिल्ह्यातल्या सानूचा चुनखडक सिलिका कमी असल्याने पोलाद कारखान्यांना जातो. गिरल, कपूरडी, बरसिंगसर, पलाना इथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा. गिरलच्या लिग्नाइटमध्ये गंधक जास्त असल्याने बॉयलरला त्रास होतो. लिग्नाइटची खाण कोरडी ठेवायला भोवतालचे भूजल सतत उपसावे लागते, तेव्हा खाणीची किंमत काढताना आजूबाजूच्या विहिरी मोजल्याच पाहिजेत. नागौर-गंगानगर खोऱ्यात काहीशे मीटर खोल हनसेरान थरांत सैंधव मीठ आणि पोटॅश आहे. बाडमेरच्या खचदरीत २००४ मध्ये मंगला तेलक्षेत्र सापडले, २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. ते तेल इतके मेणचट की थंड झाले तर नळात गोठते, म्हणून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी नळवाहिनी पूर्ण लांबीभर तापवलेली ठेवतात. तेल ढकलायला जे पाणी आत सोडतात ते थुंबलीच्या खाऱ्या भूजलसाठ्यातले. पिण्याजोग्या पाण्याला हात न लावता काम भागवायचे हे चांगले उदाहरण आहे.

मीठ पचपदऱ्यात खारे पाणी लागेपर्यंत खोदलेल्या लांबट खड्ड्यांतून काढतात. तिथले खारवाळ, म्हणजे मीठ काढणारे लोक, त्या पाण्यात मोरली नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात. स्फटिक काट्यांभोवती धरतात, तळाच्या चिखलापासून वेगळे राहतात, म्हणून मीठ स्वच्छ निघते. पूर्वेकडचे सांभर सरोवरही बंद खोरे आहे. आत येणाऱ्या नद्यांवर बंधारे झाले तर मीठ आणि पक्षी दोन्ही कमी होतात.

वरच्या झाडोऱ्याबद्दल एकच आग्रह धरतो: सेवण गवत आणि फोगचे झुडूप मुळासकट उपटू नका. सेवणचा एक गड्डा कित्येक वर्षे जगतो, दोनशे मिलिमीटरवर चारा देतो आणि वाळू धरतो. ट्रॅक्टरची तव्यांची नांगरणी त्याला एका फेरीत मारते, आणि उंटाच्या लाकडी नांगराने कधी न झालेले नुकसान मेच्या वाऱ्यात होते. खेजडी (म्हणजे शमी) शेतात उभी ठेवतात, कारण तिची सावली विरळ, मुळे खोल, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाटलेला पाला, म्हणजे लूंग, शेळ्यामेंढ्यांचा हिवाळा काढतो.

धोरा बांधायचाच असेल तर क्रम असा. आधी कुंपण घालून किमान तीन वर्षे चराई बंद. मग जून संपण्याआधी खींप, सणिया, बुई या झुडपांच्या फांद्या वाळूत उभ्या खोचून नैर्ऋत्य वाऱ्याला आडव्या ओळी, दोन ते पाच मीटरांवर. माथ्यावर दाट, पायथ्याशी विरळ. वारा अनेक दिशांनी फिरत असेल तर चौकटीत. पहिल्या चांगल्या पावसात ओळींच्या आडोशाला सेवण पेरावे आणि पाच-पाच मीटरवर पिशवीतली रोपे लावावीत. रोपाचे मूळ ओलीच्या थराला टेकले पाहिजे, म्हणून खड्डा दीड-दोन फूट खोल. ओळी आधी न घालता रोपे लावली तर काहींची मुळे उघडी पडतात, काही गाडली जातात, आणि दोष पावसाला दिला जातो.

आता सूर्य. फलोदीजवळचे भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचे आहे. ऊन भरपूर, पण पॅनेल तापले की उत्पादन घटते: पंचवीसच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्का. पॅनेलचे तापमान ६५ झाले तर १६ टक्के गेले. धुळीने आणखी जाते, आणि धुवायला पाणी नाही, म्हणून कोरड्या ब्रशचे यंत्रमानव. जागा निवडताना इथेही ऑगरनेच सुरुवात करावी. जिप्समच्या जमिनीत सल्फेट कॉंक्रीटला आतून फुगवून फोडते. पायासाठी सल्फेटरोधक किंवा स्लॅग सिमेंट आणि पोलादी खांबांना जाड जस्ताचा थर लागतो. दुसरे, ती जागा कोणाच्या खडीनचा उतार, कोणाचा आगोर, कोणत्या गावाचे ओरण (देवाच्या नावाने राखलेली सामाईक जमीन) आहे का, हे महसुली नोंदीवर न थांबता पावसाळ्यात जाऊन पाहावे. नोंदीत अशी बरीच जमीन पडीक लिहिलेली असते. पाणी तिथून वाहते की नाही, ते जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर चोवीस तासांत गाळाच्या रेषांवरून कळते, आणि त्या रेषा नकाशावर उतरवल्याशिवाय तिथे खांब रोवू नये.